परतीचे दोन दिवस

प्रवासवर्णनें लिहिणारांची एक खोड आहे. निघण्याची धांदल, वाटेंतील गमती व तेथील प्रेक्षणीय स्थळें यांचें वर्णन ते पानेंच्या पानें करितात, आणि परतीचा प्रवास मात्र ‘सुखरूप घरीं पोंचलों’ एवढ्या तीन शब्दांत उरकतात. जणूं काय परत येणें हा प्रवासाचा भागच नव्हे! गेल्या माघांत आमच्या घरांतील चौदा माणसें मुंबईहून बोटीनें लक्षद्वीपास जाऊन आलीं. तेथील पांढरी वाळू, निळें पाणी व नारळीचीं बनें यांविषयीं वाचकांनीं इतरत्र पुष्कळ वाचलें असेल. छायाचित्रें तर घरोघर पोंचलीं आहेत. मला लिहावयाचें आहे तें अगत्तीचा किनारा सोडल्यापासून पुण्यास घराचें कुलूप उघडीपर्यंतच्या काळाविषयीं.

चौदा माणसें एकत्र निघण्यास कारणही तसेंच होतें. आमचें मूळ घर रत्नागिरीपासून कांहीं कोसांवर, अगदीं समुद्राच्या कांठीं. ओटी, माजघर, पडवी, मागें विहीर आणि पन्नासएक माड. वडिलांच्या मागें तेथें कायमचें कोणी राहिलें नाहीं. दरवर्षीं घर शाकारावें तर माणूस मिळत नाहीं. माडावर चढणारा मिळाला तर तो सांगेल ती मजुरी द्यावी लागते. आणि एवढें करून पावसाळ्यानंतर जावें तों माजघराची एक भिंत खचलेली. अखेर घर व आगर विकण्याचें ठरलें. २००५ सालीं हिंदु वारसा कायद्यांत दुरुस्ती होऊन मुलीसही मुलाइतकाच वांटा मिळाला, आणि त्या वर्षीं वडील हयात असलेच पाहिजेत असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. त्यामुळें आम्हां दोघां भावांबरोबर आमची वडील बहीण अक्का हिची सहीही अवश्य झाली, आणि माझ्या मतें ती व्हावयास पाहिजेच होती.

अक्का आतां एकोणऐंशी वर्षांची आहे. विक्रीचा दस्त मिळकतीच्या ठिकाणच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नोंदवावयाचा होता. तिला रत्नागिरीपर्यंत दगदग नको म्हणून धाकट्या बंधूंनीं कुलमुखत्यारपत्राचा मसुदा करून आणिला. तो कागद चार महिने तिच्या उशाशीं पडून होता. ती नाहीं म्हणेना व होयही म्हणेना. तेव्हां मुलांनीं व पुतण्यांनीं मिळून असें ठरविलें कीं, घर हातचें जाण्यापूर्वीं सर्वांनीं एकदां बरोबर कोठें तरी जाऊन यावें. कोठें जावयाचें, असें अक्कास विचारतां ती एवढेंच म्हणाली, “बोटीनें.” बोटीवर जागा मिळाल्या त्या लक्षद्वीपाच्या.

अगत्तीचें बेट सात-आठ किलोमीटर लांब आहे. रुंदीला कोठेंही किलोमीटरभरापेक्षां अधिक नाहीं. दक्षिणेकडे तर तें इतकें निमुळतें होतें कीं, विमानाच्या धांवपट्टीच्या दोन्ही अंगांस पाणीच दिसतें. प्रवाळांच्या कड्याच्या आंत मोठ्या बोटीला येतां येत नाहीं. ती बाहेर खोल पाण्यांत उभी राहते, आणि माणसांची ने-आण लहान होड्यांतून होते. बुधवारीं दुपारीं चारच्या सुमारास आम्ही परतीच्या होडींत बसलों. होडी हिरवट पाणी ओलांडून कड्याच्या तोंडाशीं आली, आणि एका वल्ह्याच्या अंतरांत पाण्याचा रंग बदलून गर्द निळा झाला. तेथें होडी जी उसळली तिनें सूनबाईंच्या तोंडचें पाणी पळालें. परंतु अक्का होडीची कड धरून स्वस्थ बसली होती. माझ्याकडे वळून म्हणाली, “पडाव आठवतो का रे?”

मला आठवत होता. १९६६ सालीं वैशाखांत अक्काचें लग्न होऊन ती मुंबईस सासरीं निघाली, तेव्हां मी नऊ वर्षांचा होतों. त्या काळीं रत्नागिरीच्या बंदरांतही आगबोट दूर उभी राही व उतारूंना पडावांतून तिच्यापर्यंत नेत. खलाशी शिडीजवळ पडाव लावीत आणि लाटेनें तो वर उचलला कीं बायकामुलांना हात धरून वर ओढून घेत. लाट चुकली तर पुढच्या लाटेची वाट पाहावयाची. नव्या शालूसकट अक्कास असेंच वर ओढलें होतें, आणि खालीं पडावांत उभ्या असलेल्या आमच्या आईनें डोळे मिटून घेतले होते. ‘कोंकणसेवक’, ‘कोंकणशक्ति’ हीं बोटींचीं नांवें पुढें आमच्या पिढीच्या तोंडीं नित्याचीं झालीं. मग ती वाहतूक बंद पडली, १९९८ सालीं कोंकण रेल्वे सुरू झाली, आणि मुंबईकर चाकरमानी समुद्राकडे पाठ करून गांवीं येऊं लागला.

बोटीवर चढल्यावर नातवानें विचारलें कीं, भर समुद्रांत एवढेंसें बेट आलें कोठून. मास्तरकी सुटली तरी संवय सुटत नाहीं. मीं त्याला कठड्यापाशीं उभा करून डार्विनची उपपत्ति सांगितली. १८४२ सालीं डार्विननें असें प्रतिपादिलें कीं, समुद्रांतून वर आलेल्या ज्वालामुखीच्या डोंगराभोंवतीं प्रवाळाचे किडे आपलें घर बांधतात. डोंगर हळूहळू खचूं लागतो. किड्यांना उजेड हवा म्हणून ते वर वर बांधीत राहतात. शेवटीं डोंगर पाण्याखालीं जातो आणि वर राहतें तें केवळ कडें व त्याच्या आंतील उथळ पाणी. लक्षद्वीपांत अशीं लहानमोठीं छत्तीस बेटें मोजतात, त्यांपैकीं दहांवर वस्ती आहे. मात्र या बांधणारांचेंही आतां खरें नाहीं. समुद्राचें पाणी नेहमींपेक्षां तापलें कीं प्रवाळ पांढरा पडून मरतो; १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या सालीं तसें येथें मोठ्या प्रमाणावर घडलें. आदल्या दिवशीं कांचेच्या तळाच्या होडींतून आम्हीं जे पांढरेफटक सांगाडे पाहिले ते त्यांतलेच. नातवानें सर्व ऐकून घेऊन विचारलें, “मग आजोबा, तो डोंगर आतां कोठें आहे?” मीं सांगितलें, “खालींच आहे.”

सहा वाजतां बोट हलली. बेट प्रथम झाडांची रांग झालें, मग एक काळी रेघ, आणि पाव तासानें तीही नाहींशी झाली. उंच जमीन सोडून जातांना ती बराच वेळ मागें दिसत राहते. प्रवाळाचें बेट पाठीमागें कांहींच ठेवीत नाहीं.

गुरुवारचा दिवस सगळा पाण्यांत गेला. अगत्तीपासून मुंबईचें अंतर सुमारें नऊशें किलोमीटर; बोट ताशीं सव्वीस किलोमीटर जाई. म्हणजे एक रात्र, एक अख्खा दिवस व आणखी एक रात्र. जातांना हाच दिवस आनंदाचा वाटला होता. परततांना त्याचें रूप बदललें. बोटीवरील मंडळींना एकाएकीं घाई सुटली. ज्यांनीं तीन दिवस पोहण्याच्या हौदाकडे ढुंकून पाहिलें नव्हतें ते सकाळीं सातालाच त्यांत उतरले. दुकानांतील वस्तूंचे भाव उतरल्याची पाटी लागली व तेथें गर्दी जमली. हिशेबाच्या खिडकीपुढें रांग लागली, आणि रांगेंत उभे राहून लोक एकमेकांना आपापलीं बिलें दाखवूं लागले. दिलेल्या पैशांचें शेवटचें फळ पदरांत पाडून घेण्याची ही धडपड मला थोडी केविलवाणी वाटली. पण मग माझ्याच घरांतील मंडळी दुपारच्या जेवणांत तीन प्रकारचीं पक्वान्नें वाढून घेतांना दिसली, तेव्हां मीं हा विचार मनांतच ठेविला.

अक्कास त्या दिवशीं एकादशी होती. बोटीवर जैनांची स्वतंत्र भटारखान्यांतून सोय असते, पण एकादशीची नसते. आमच्या टेबलाची व्यवस्था पाहणारा एक तरुण वेंगुर्ल्याकडला निघाला. त्यानें आंत जाऊन उकडलेले बटाटे, केळीं व दूध आणून दिलें, आणि हळूच विचारलें, “आजी, घरचा शेंगदाण्याचा लाडू असला तर एक मलाही द्या.” त्याचे आजोबा कोंकणच्या आगबोटीवर खलाशी होते. हा स्वतः आठ-नऊ महिन्यांच्या कराराने नोकरीस राही. अक्कानें त्याला विचारलें कीं, बोट वेंगुर्ल्यावरून केव्हां जाते. तो म्हणाला, “आठवड्यांतून दोन वेळां जाते, आजी. मी त्या वेळीं खालीं कामांत असतों. आणि वर असलों तरी दिसत नाहीं. आपण फार बाहेरून जातों.”

हें ऐकून अक्का गप्प झाली. मग तिनें मला जवळ बोलावून विचारलें, “रत्नागिरीचा दिवा आज दिसेल का?”

आतां मला तिच्या ‘बोटीनें’ या शब्दाचा उलगडा झाला. लग्नानंतर ती त्या आगबोटीच्या मागल्या बाजूस वळकटीवर बसली होती, आणि दिवेलागणीनंतर रत्नागिरीचा दिवा लुकलुकतांना पाहत होती. तो दिसेनासा झाला तेव्हां जयगड आलें, मग दाभोळ, मग हर्णै. त्या बोटी किनारा धरून जात आणि प्रत्येक बंदरांत थांबत. माहेर एकदम तुटत नसे, एकेका दिव्यानें सुटत असे. पुढें ती आली-गेली ती मोटारीनें व रेल्वेनें. साठ वर्षांत समुद्रावरून गांव तिनें पाहिलें नव्हतें.

मीं प्रश्नाचें उत्तर नातवावर सोपविलें, कारण नववीच्या गणितांत तें बसणारें होतें. पृथ्वी वांटोळी असल्यामुळें किती उंचीवरून किती दूरचें दिसेल हें काढण्याची सोपी रीत आहे. उंची मीटरमध्यें घ्यावी, तिचें वर्गमूळ काढावें, आणि त्याला ३·६ नें गुणावें. जें येईल तें क्षितिजाचें अंतर किलोमीटरमध्यें. आमचें वरचें सज्जें पाण्यापासून पंचवीस मीटर उंच धरलें तर वर्गमूळ पांच, आणि अंतर १८ किलोमीटर. दिवा टेंकडीवर, समुद्रसपाटीपासून शंभर मीटर उंच धरला तर वर्गमूळ दहा, आणि अंतर ३६. दोन्ही मिळून ५४ किलोमीटर. हवेंत किरण थोडे वांकतात म्हणून आणखी तीन-चार किलोमीटर उदार मनानें द्यावे. आणि बोट रत्नागिरीसमोरून किती लांबून जाणार? नकाशावर अगत्ती व मुंबई यांना जोडणारी रेघ मुलानें आंखली. ती किनाऱ्यापासून सुमारें साठ-पासष्ट किलोमीटरवरून जात होती. नातू कागद घेऊन अक्कापाशीं गेला व त्यानें सर्व मांडून दाखविलें. तिनें चष्मा लावून तें वाचलें.

“म्हणजे दिवा लागलेला असतो,” ती म्हणाली, “आपण लांब असतों. एवढेंच ना?”

“हो, अक्काआजी.”

“मग झालें,” असें म्हणून तिनें कागद घडी करून आपल्या पिशवींत ठेविला.

दुपारीं मुलें झोंपलीं होतीं तेव्हां धाकटे बंधु व मी सावलींत बसून बोलत होतों. बोलण्याच्या ओघांत शास्त्राचा विषय निघाला. आपल्याकडे समुद्रगमन निषिद्ध मानीत, एवढें सर्वांस ठाऊक असतें. पण ज्या बौधायनानें पातित्य आणणाऱ्या कृत्यांत समुद्रप्रवासाला अगदीं पहिलें स्थान दिलें, त्यानेंच अन्यत्र हा उत्तरेकडील लोकांचा प्रचलित आचार असल्याचेंही नमूद करून ठेविलें आहे. म्हणजे लोक जात होतेच. अमरकोशाच्या वारिवर्गांत नावेचीं केवढीं अंगें आलीं आहेत! सुकाणूधरास कर्णधार, डोलकाठीला कूपक, वल्ह्याला क्षेपणी, सुकाणूला केनिपातक, आणि समुद्रावरून व्यापार करणाऱ्याला सांयात्रिक. जें कोणी करीतच नाहीं त्याला इतके शब्द कोण करील? बंधु हंसून म्हणाले, “दादा, शब्द राहिले आणि धंदा गेला.” मग थोडा वेळ थांबून म्हणाले, “आपल्या घराचेंही तसेंच होणार. ओटी, पडवी, माजघर. नातवंडांना शब्द ठाऊक राहतील.” विकण्याचा आग्रह त्यांचाच अधिक होता, आणि त्यांचे व्यवहारी हिशेब मला पटलेलेही होते; तरी हें वाक्य त्यांच्या तोंडून आलें तें मला बरें वाटलें.

सूर्यास्ताच्या सुमारास बोटीवरील अधिकाऱ्यानें ध्वनिक्षेपकावरून सांगितलें कीं, पश्चिमेच्या बाजूस, पाण्याखालीं, आंग्रे बँक आहे. कान्होजी आंग्रे यांचें नांव मिरवणारी ही प्रवाळाची उथळ जागा विजयदुर्गापासून शंभरांवर किलोमीटर समुद्रांत आहे. लांबी सुमारें चाळीस किलोमीटर, आणि जेथें अगदीं उथळ तेथेंही वीस मीटर खोल. वर कांहींच दिसत नाहीं. सर्वजण कठड्याशीं जाऊन त्या कांहीं नसलेल्या ठिकाणाकडे पाहूं लागले, आणि मोठ्या उत्साहानें मावळत्या सूर्याची छायाचित्रें घेऊं लागले.

रात्रीं साडेआठ वाजतां आम्ही रत्नागिरीच्या अक्षांशावर आलों. खालच्या मजल्यावर निरोपाचा जलसा चालू होता. ढोलाचे ठोके पायांखालीं लागत होते. वरच्या सज्ज्यावर पूर्वेच्या बाजूस आम्ही चौघेंच होतों: अक्का, बंधु, नातू व मी. एकादशीचें चांदणें स्वच्छ पडलें होतें. क्षितिजावर दोन-तीन ठिकाणीं मच्छीमारांच्या बोटींचे दिवे होते. नातवानें प्रत्येकाकडे आशेनें पाहिलें व प्रत्येक वेळीं स्वतःच ‘हा हलतो आहे’ म्हणून तो सोडून दिला. दिवा दिसला नाहीं. गणित बरोबर होतें.

अक्कानें शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि बंधूंकडे पाहिलें. “तुझा कागद मीं वाचला आहे,” ती म्हणाली. “घर विका. कोणी राहत नाहीं तें घर किती दिवस धरून ठेवावयाचें? माझी हरकत कधींच नव्हती.”

बंधु म्हणाले, “मग अक्का, चार महिने बोलली का नाहींस?”

“तुझ्या कागदावर मी सही करणार नाहीं म्हणून. दुसऱ्यानें माझ्या नांवानें जाऊन माझें माहेर देऊन यावें, हें मला नको. मी स्वतः येईन. कचेरींत बसेन, अंगठा लाव म्हणतील तर लावीन, सही म्हणतील तर करीन. पण आधीं एक रात्र घरीं राहीन.”

“तेथें आतां वीज नाहीं, अक्का. भिंत खचली आहे. तुझी प्रकृति—”

“ओटी उभी आहे ना?”

ओटी उभी होती. बंधूंनीं आणखी कांहीं बोलावयास तोंड उघडलें व मिटलें. नातू मध्येंच म्हणाला, “मीही येणार,” आणि त्याची परीक्षा केव्हां आहे याची चौकशी सुरू झाली. एवढ्यांत खालून सूनबाई वर आल्या. सामान रात्रीं अकराच्या आंत खोलीबाहेर ठेवावयाचें होतें, आणि अक्काची पेटी अजून भरलेली नव्हती.

सामान बांधणें हें बोटीवरील शेवटच्या रात्रीचें खरें कर्म. प्रत्येक पेटीला रंगीत चिठ्ठी बांधून ती दाराबाहेर ठेवावी लागते. सकाळीं ती धक्क्यावर मिळते. अंगावरचे व सकाळचे कपडे तेवढे मागें ठेवावयाचे. आमच्या शेजारच्या खोलींतील एका गृहस्थांनीं सर्व कपडे पेटींत भरून ती बाहेर ठेविली, आणि सकाळीं ते रात्रीच्या पोशाखावर कोट चढवून बोटीवरून उतरले. अकरानंतर मीं मार्गांत डोकावून पाहिलें, तों दोन्ही बाजूंनीं दारोदार पेट्या उभ्या होत्या आणि चिटपांखरूं नव्हतें. चार दिवस जें एक गांव वाटलें होतें तें धर्मशाळा असल्याचें त्या वेळीं कळलें.

किनारा जवळ आल्याची पहिली खूण डोळ्यांना मिळाली नाहीं. पहाटे चारच्या सुमारास उशाखालीं ठेवलेला दूरध्वनियंत्राचा डबा गुरगुरूं लागला. दीड दिवस मुका असलेला तो डबा साठलेले निरोप एकामागून एक ओकूं लागला. शेजारच्या खोल्यांतूनही तसेच आवाज ऐकूं आले. विजेचें बिल, एका स्नेह्यांच्या नातीचें बारसें, सोसायटीच्या पाण्याची टांकी धुण्याची सूचना. जमीन अशी येते.

मी सज्ज्यावर गेलों तेव्हां चंद्र मावळला होता. उजव्या हातास खांदेरीचा दिवा फिरत होता. १६७९ सालीं शिवछत्रपतींनीं मायनाक भंडाऱ्याकरवीं या खडकावर तट उभारण्यास आरंभ केला, आणि इंग्रजांच्या डोळ्यांदेखत तो पुरा केला. १९९८ सालीं त्या बेटास कान्होजी आंग्रे यांचें नांव देण्यांत आलें, आणि २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशांत घेतलें त्यांत खांदेरीही आहे. डाव्या हातास कुलाब्याच्या टोंकापुढील प्राँग्जचा दिवा, १८७५ सालचा. या दोन दिव्यांच्या मधून बोट शिरते. नातू डोळे चोळीत आला होता. त्यानें दोहोंच्या लुकलुकण्याचे अवधि मोजून वहींत टिपले.

याच पाण्यांत, रेवसच्या वाटेवर काशाच्या खडकाजवळ, १७ जुलै १९४७ रोजीं ‘रामदास’ आगबोट बुडाली. भाऊच्या धक्क्यावरून सकाळीं निघालेली, सणासाठीं घरीं जाणारांनीं भरलेली. वाऱ्याचा एक झोत आला, उतारू एका बाजूस धांवले, बोट कलंडली, आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आषाढी अमावास्या होती. आपण त्या दिवशीं दिवे पूजतों. आमच्या गांवांतील एका घरीं पुढें कित्येक वर्षें त्या दिवशीं दिवे मांडीत नसत, एवढें मला लहानपणचें आठवतें. त्यांना स्वातंत्र्य एका महिन्यानें अंतरलें, असें लोक म्हणत. पण घरच्यांना अंतरलें तें स्वातंत्र्य नव्हे, माणूस. मीं त्या दिशेस नमस्कार केला. अक्का केव्हां येऊन उभी राहिली होती मला कळलें नाहीं, तिनेंही केला.

सव्वासहाला झुंजुमुंजु झालें. बंदराचा वाटाड्या आधींच बोटीवर चढला होता. दोन लहान बोटी आम्हांला दोर लावून खेंचीत होत्या. डाव्या हातास ताजमहाल हॉटेल व त्यापुढें गेटवे ऑफ इंडिया करडे दिसूं लागले. १९२४ सालीं पुरी झालेली ही कमान येणारांच्या स्वागतासाठीं बांधली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं इंग्रजांच्या पलटणीची शेवटची तुकडी तिच्यांतूनच बाहेर पडली. समुद्रावरून पाहतां ती अपेक्षेपेक्षां लहान दिसते. मागच्या उंच इमारतींनीं तिला अगदीं बुटकी केली आहे.

बॅलार्ड पियरच्या धक्क्यावर दोर बांधले गेले तेव्हां पावणेसात झाले होते. विलायतची डाक जेव्हां बोटीनें येई तेव्हां ती याच धक्क्यावर उतरे, आणि पेशावरकडे जाणारी फ्रंटियर मेल तिच्यासाठीं येथवर आणून उभी करीत. आम्हांला मात्र उतरावयास दीड तास लागला. रंगाप्रमाणें हांका होत होत्या. आमचा हिरवा रंग शेवटचा. तो वेंगुर्ल्याचा तरुण शिडीच्या तोंडाशीं उभा राहून सर्वांना निरोप देत होता. अक्कानें उरलेले लाडू एका पुडींत बांधून त्याच्या हातीं दिले. संध्याकाळीं हीच बोट नवे उतारू घेऊन पुन्हां निघावयाची होती, आणि त्यानें आंघोळ अजून केलेली नव्हती.

पुण्यास जाण्यासाठीं आम्हीं लहान बस सांगून ठेविली होती. शिवडीवरून ती अटल सेतूवर चढली. १२ जानेवारी २०२४ रोजीं उद्घाटन झालेला हा पूल पावणेबावीस किलोमीटर लांब आहे व त्यांतील साडेसोळा किलोमीटर पाण्यावरून जातो. ओहोटी लागलेली होती. शिवडीच्या चिखलांत रोहित पक्ष्यांचे थवे उभे होते. ज्या बंदरांतून आम्ही दोन तासांपूर्वीं मुंगीच्या पावलांनीं आलों तेंच पाणी पंधरा मिनिटांत चाकांखालून निघून गेलें. मुलें खुश झालीं. अक्का खिडकीशीं बसली होती, तिनें विचारलें, “हा समुद्र संपला का?” चालक म्हणाला, “संपला, आजी, आतां घाटच.”

घरीं पोंचलों तेव्हां दुपारचा एक वाजला होता. चार दिवस बंद असलेल्या घराला एक कोंदट वास येतो तो आला. तुळशीची माती कोरडी पडली होती, पण ती जिवंत होती. पिठलें-भात झाला. मीं स्नानगृहांत तांब्या उचलला, तों खालची जमीन हळूच डावीकडे कलली व पुन्हां सरळ झाली. समुद्रप्रवासानंतर हें एक-दोन दिवस चालतें. शरीराला तोल सांभाळण्याची लागलेली संवय एकदम सुटत नाहीं. सौ. ओट्याला धरून पोळ्या लाटीत होती व मुलें मुद्दाम डोळे मिटून उभीं राहून कोण आधीं डोलतो हें पाहत होतीं. तिसऱ्या दिवशीं जमीन स्थिर झाली.

धाकट्या बंधूंनीं वकिलांस कळविलें कीं कुलमुखत्यारपत्राची गरज नाहीं. खरेदीदार भला निघाला. त्यानें तारीख पंधरा दिवसांनीं पुढें ढकलली. गांवांतील शेजाऱ्यांस निरोप गेला कीं ओटी झाडून ठेवावी, दोन घागरी पाणी भरावें, आणि कंदिलाच्या कांचा पुसाव्या. कोंकण रेल्वेचीं तिकिटें काढावयाचीं होतीं. पांच पुरतील असें वाटलें होतें, तीं नऊ झालीं. आमच्या सर्वांच्या पेट्या माळ्यावर गेल्या. अक्काची खालींच आहे. तिनें तींतून ओले कपडे तेवढे काढून वाळत घातले, आणि बाकीचें तसेंच राहूं द्या म्हणून सांगितलें.